एकाच बरणीतलं

१

माझ्या धाकट्या नातीचं, श्रद्धाचं, लग्न झालं त्या वर्षीच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. लग्न अक्षय तृतीयेला वाशिमला होतं. ते उरकून मी पुण्याला परत आले, पायांची सूज अजून उतरली नव्हती, आणि माझ्या खाणावळीत एक माणूस मेला.

खाणावळ सदाशिव पेठेत आहे. क्लासला येणारी पोरं माझ्याकडे जेवतात. त्यांच्यातल्याच दोघांनी मला पन्नाशी उलटल्यावर अक्षरं शिकवली, म्हणून हे लिहिता येतंय. रविवारी दुपारी गोडाचं जेवण झालं की संध्याकाळी खाणावळ बंद असते. त्या बंद वेळात कादंबरी माझी जेवणाची खोली वापरायची. हिंजवडीतली नोकरी सोडून बसलेली मुलगी. देशोदेशीची जुनी पेयं घरी करायची, लोकांना बोलवायची, पाजायची आणि प्रत्येक पेयाची हकिकत सांगायची. रशियातलं शिळ्या पावाचं क्वास. तिबेटातला मीठ आणि लोणी घालून घुसळलेला चहा. तुर्कस्तानातला बोझा, म्हणजे आपल्या आंबिलीचा दाट भाऊ, वर चक्क फुटाणे टाकून प्यायचा. पंचवीस-तीस माणसं यायची. मला बरं वाटायचं. खोली रिकामी असली की मला झोप येते आणि झोपलं की अंग दुखतं.

त्या रविवारी ती सांगत होती, दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरात बायका मका चावून थुंकतात, तो मडक्यात आंबवतात आणि त्याचं पेय पाहुण्यांना देतात.

"म्हणजे उष्टं!" आमोद ओरडला. कोपऱ्यावरची रसवंती त्याची. "माझ्या उसाच्या रसात एक माशी पडली तर लोक महापालिकेत जातात, आणि इथे थुंकी पितात!"

"तुमच्याकडे नुसती माशी मिळते, आमोदराव. इथे गोष्टही मिळते," मागून वासंतीताई म्हणाल्या. पोलीस खात्यातून फौजदार म्हणून निवृत्त झालेल्या बाई. एकट्या राहतात, माझ्याकडे जेवतात.

बद्रीनाथ हसला. आमच्याच वाशिमकडचा. तरुणपणी पुण्यात आला तेव्हा माझ्याकडेच जेवायचा, नंतर छापखान्यात नोकरी लागली, लग्न झालं. बायकोकडे बघत तो म्हणाला, "घरचं उष्टं असेल तर मला चालतं."

राजनंदिनीने डोळे मोठे केले. लोक हसले.

मग कादंबरीने शेवटची बरणी उघडली. मेक्सिकोतलं तेपाचे. मंडईत अननस सोलणारे साली टाकून देतात, त्या ती धुऊन आणायची. गूळ, दालचिनी, पाणी घालून काही दिवस फडक्याखाली झाकून ठेवायची. दारू सोडलेल्या बद्रीनाथने पेला हातात घेऊन विचारलं, "यात दारू नाही ना, पोरी?"

"नाही हो काका. अननसाच्या साली आणि गूळ."

गरमी फार होती. तो पेल्यामागून पेला प्यायला. राजनंदिनीने एकच घेतला, तोही बरणीच्या तोटीतून स्वतः भरून.

थोड्या वेळाने ती मोरीपाशी येऊन तोंडावर पाणी मारू लागली. चेहरा लालबुंद, तापलेल्या तव्यासारखा.

"काय गं, ऊन लागलं का?"

"कानशिलं पेटलीत, मावशी. मळमळतंय."

मी तिला पाणी देतेय तोच आत बाक पडल्याचा आवाज झाला. बद्रीनाथ जमिनीवर होता. मानेपर्यंत लालभडक, छाती धरलेली, श्वास लागलेला. वर्षभरापूर्वी हृदयात जाळी बसवलेला माणूस. रुग्णालयात पोचेपर्यंत तो संपला. रिक्षात राजनंदिनीला ओकाऱ्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, धक्का बसलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस आले. बरण्या घेऊन गेले, आणि कादंबरीलाही.

२

संध्याकाळी तिला सोडलं, पण गाव सोडायचं नाही असं बजावून. प्रयोगशाळेचा अहवाल आला की सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागेल, असं साहेब म्हणाले होते. माझ्या खोलीला त्यांनी कुलूप घातलं. पोरं उपाशी राहायला नकोत म्हणून मी मागच्या दाराने डबे देत होते.

कादंबरी स्वयंपाकघरात पाटावर बसली. वासंतीताई दाराशी खुर्ची ओढून बसल्या, कारण त्यांना खाली बसलं की उठता येत नाही.

"ताई, तुम्ही काहीतरी करा."

"मी निवृत्त झालेय. आता मी फक्त गुडघ्यांची तक्रार नोंदवून घेते."

"लोक मला विषवाली म्हणतायत. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर माझा फोटो फिरतोय."

वासंतीताईंनी डोळे मिटून घेतले. मग विचारलं, "त्या बरणीतलं सगळ्यांनी प्यायलं?"

"सगळ्यांनी."

"मीही प्यायले. दुर्दैवाने मला काही झालं नाही. तुळजाबाई, तुम्ही?"

"दोन घोट. आंबट लागलं."

"म्हणजे बरणी निर्दोष. आता खरं सांग. दारू होती त्यात?"

कादंबरीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "थोडी असतेच, ताई. नीरा उन्हात राहिली की जशी चढते, तशी. या उष्म्यात एक दिवस जास्त राहिलं की थोडी वाढते. कोणाला कळतही नाही."

"आणि बद्रीनाथने विचारलं तेव्हा तू नाही म्हणालीस."

"मेक्सिकोत सगळे लहान पोरांना देतात, ताई. मला वाटलं..."

"थोड्या दारूने दारू सोडलेला माणूस मरत नाही," वासंतीताई म्हणाल्या. "फार तर पुन्हा लागतो. बरणीत विष नाही. मग पेल्यात होतं का? पेले कोणी वाटले?"

कादंबरी माझ्याकडे बघू लागली. पेले मीही पाहिले होते. ते आमोदने वाटले होते.

३

आमोदने मागच्या महिन्यात महापालिकेत अर्ज केला होता, की या बाईकडे परवाना नाही. सगळ्या गल्लीला ते माहीत होतं.

आम्ही गेलो तेव्हा तो चरकात ऊस घालत होता.

"या. चौकशी की रस?"

"दोन्ही. रस बिनबर्फाचा," वासंतीताई म्हणाल्या.

"बरोबर. बर्फात मी विष ठेवतो." त्याने पेले आमच्यापुढे आदळले. "अहो, अर्ज केला, हो. माझा धंदा पडला होता. पण ट्रे मी नुसता फिरवला. ज्याने त्याने आपल्या हाताने पेला उचलला. कुठला कोण उचलणार, हे मला काय ठाऊक? आणि बद्री माझा मित्र होता. आम्ही वीस वर्षं एकत्र प्यायलो."

"सोडली कशी त्याने?"

आमोदने चरक थांबवला. कपाळाचा घाम बाहीने पुसला.

"तो म्हणायचा, देवाने सोडवली. मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. आम्ही बसलो होतो. अर्धा ग्लास पोटात गेला नसेल, तोच हा लाल झाला. छाती धडधडते म्हणाला, ओकला, घामाने भिजला. मला वाटलं गेला. तासाभराने उतरलं. पुन्हा एकदा प्यायला, पुन्हा तेच. मग म्हणाला, आमोद, आता वासही नको. माझं शरीरच नको म्हणतंय." त्याने पुन्हा चरकाला हात घातला. "त्यानंतर मीही कमी केली, ताई. खोटं नाही सांगत."

वासंतीताईंनी रस तसाच ठेवला. रस्त्याला लागल्यावर त्या म्हणाल्या, "तुळजाबाई, राजनंदिनी मोरीपाशी आली, तेव्हा तिचा नवरा पडला होता?"

मी आठवलं. ती तोंडावर पाणी मारत होती. मी पाणी दिलं. मग बाक पडलं.

"नाही. ती आधी आली."

"मग तिला धक्का कसला बसला होता?"

मी चालता चालता थांबले.

४

सुतक संपेपर्यंत वासंतीताई गेल्या नाहीत. "नोकरीत असताना सुतकातही प्रश्न विचारले. आता नको," म्हणाल्या. कादंबरी रोज फोन करायची आणि त्या रोज एकच उत्तर द्यायच्या, "थांब."

तेरावा झाला, मग आम्ही दत्तवाडीत बद्रीनाथच्या घरी गेलो. दोन खोल्या, पुढे गॅलरी. भिंतीवर फोटोला हार. त्याची आई, दुर्गाबाई, माझ्याहून थोड्या मोठ्या. मला पाहून रडल्या.

"माहं पोरगं गेलं वं बाई. मले ठेवून गेलं."

मी त्यांचा हात धरून बसले. असे फार हात धरले आयुष्यात. काय बोलायचं ते अजून सुचत नाही.

थोड्या वेळाने त्या चहा ठेवायला उठल्या. मी मदतीला मागे गेले. ओट्यावर एक मोठं पातेलं होतं आणि एक छोटं, दांडीचं. दुर्गाबाईंनी सवयीने छोटं पुढे ओढलं, देव्हाऱ्याखालच्या फळीवरून पितळेची डबी काढली, झाकण उघडलं आणि तशाच थांबल्या.

"आता कोनासाठी," त्या म्हणाल्या, आणि डबी परत ठेवून दिली.

"काय आहे?"

"सुंठ हाय. त्याच्या चहात घालत होती."

सुंठेचा वास माझ्या ओळखीचा आहे. डबी उघडली तेव्हा तो आला नव्हता.

बाहेर आले आणि वासंतीताईंच्या कानात ते सांगितलं. राजनंदिनी गॅलरीत कपडे वाळत घालत होती, तिकडे त्या निघाल्या. खुर्चीवरून उठताना त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला, आणि तो फक्त गुडघ्यांमुळे नव्हता.

५

"बाळ, एक विचारू? तू सकाळी चहा कोणाच्या हातचा पितेस?"

राजनंदिनी ओशाळली. "आई मला करून देत नाहीत. सून आहेस, तुझा तू कर म्हणतात. मला सकाळी कामावर जायची घाई. मग हे..." तिने हातातला सदरा पिळला. सदरा त्याचाच होता, अजून धूत होती. "हे आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतायचे आणि गुपचूप माझ्याकडे सरकवायचे. आई पूजेला बसल्या की. लग्न झाल्यापासून. आईंना कळलं नाही कधी."

घरचं उष्टं असेल तर मला चालतं. तो हे म्हणाला होता, आणि आम्ही हसलो होतो.

"त्या रविवारी सकाळीही?"

"हो."

"तू आधी कधी अशी लाल झाली होतीस?"

ती विचार करू लागली. "मार्चमध्ये दोघांना खोकला होता. एकच बाटली आणली. औषध घेतलं की आम्ही दोघंही तापायचो, डोकं ठणकायचं. औषध बाधलं म्हणून टाकून दिली."

वासंतीताई कठड्याला टेकल्या. "ऐक. आमच्या खात्यात पिणारे कमी नव्हते. त्यांना मी डॉक्टरांकडे नेलंय. दारू सोडवायची एक गोळी असते. ती पोटात असताना दारू गेली, अगदी थोडी, खोकल्याच्या औषधातली सुद्धा, तर माणूस लाल होतो, छाती धडधडते, ओकतो. हृदय कमजोर असेल तर मरतो. म्हणून डॉक्टर ती गोळी रोग्याला सांगितल्याशिवाय देत नाहीत."

"पण हे कुठलीच गोळी..."

"त्याला माहीत नव्हतं. बरणीतलं सगळ्यांनी प्यायलं आणि त्रास फक्त दोघांना झाला. पेल्यात काही असतं तर तुला झाला नसता, तू तुझा पेला बरणीवरून भरलास. म्हणजे जे होतं ते घरून पोटात आलं होतं. घरात तुम्हा दोघांच्याच पोटात जाणारी एकच वस्तू आहे. त्याच्या कपातला चहा. आणि त्यात तू काही घातलं असतंस, तर तू बशी तोंडाला लावली नसतीस."

राजनंदिनीच्या हातातला सदरा खाली पडला. ती आतल्या खोलीकडे बघत राहिली. आतून कपबशांचा आवाज येत होता.

"त्यांना कळलं तर त्या जगणार नाहीत," ती म्हणाली.

"आणि नाही कळलं तर ती मुलगी तुरुंगात जाईल," वासंतीताई म्हणाल्या. "मी फार थकले गं. यातलं एक निवडायचं काम माझ्यावर नको होतं."

६

दुर्गाबाईंनी आमच्यापुढे चहा ठेवला. वासंतीताईंनी बशी न उचलता विचारलं, "बद्रीनाथची दारू कशी सुटली हो?"

त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर तेरा दिवसांत पहिल्यांदा उजेड आला.

"मीच सोडवली! कोनाले सांगू नका. गावाकडं भिंतीवर लिहिलेलं होतं, पिनाऱ्याच्या नकळत दारू सोडवा. म्या शेजारच्या पोरीकडून वाचून घेतलं. त्या वैद्याले फोन केला, त्यानं पुडी धाडली. रोज सकाळी चहात चिमूटभर. दोन महिन्यांत बंद! पोरगं म्हने देवानं सोडवली. म्या म्हटलं, म्हन बापा देवानं." त्या डोळे पुसत हसल्या. "मरताना माह्या लेकाच्या पोटात दारू नव्हती. तेवढं तरी मी केलं."

मी फोटोकडे पाहिलं. हार सुकला होता.

"वैद्याने काही पथ्य सांगितलं होतं का?" वासंतीताईंनी हळू विचारलं. "काय प्यायचं नाही, काय घ्यायचं नाही?"

"काही नाही. जडीबुटी हाय म्हने, कशाले पथ्य?"

"हृदयाची जाळी बसवलीय, हे सांगितलं होतं?"

"त्यानं इचारलंच नाही."

वासंतीताई माझ्याकडे बघू लागल्या आणि मी राजनंदिनीकडे. ती दारात उभी होती. ती सावकाश येऊन सासूच्या पायाशी बसली.

"आई, मी सांगते. दुसऱ्या कोणाकडून कळायला नको."

आणि तिने सांगितलं. चहा, बशी, खोकल्याचं औषध, अननसाचं पाणी. आवाज चढवला नाही, मध्ये थांबली नाही. दुर्गाबाई ऐकत होत्या, तिच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघत. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"तुह्याही पोटात गेलं?"

"हो."

"अर्धं?"

"अर्धं."

मग म्हातारी उठली. भिंत धरत आत गेली. आम्हाला वाटलं, आता काही करून घेते की काय. मी मागे जाणार तोच डबी घेऊन ती बाहेर आली. डबी तिने वासंतीताईंच्या हातात दिली आणि पुन्हा आत गेली. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. ती परतली तेव्हा हातात एक कप होता. तो तिने सुनेसमोर ठेवला. त्या घरात सुनेसाठी केलेला तो पहिला चहा होता.

राजनंदिनीने अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी सासूकडे सरकवली.

दुर्गाबाई बशीकडे बघत राहिल्या. साय धरू लागली होती. मग त्यांनी दोन्ही हातांनी बशी उचलली. थोडा चहा लुगड्यावर सांडला. उरलेला त्या प्यायल्या.

डबीतल्या पुडीत तीच गोळी कुटून घातलेली निघाली. साहेबांनी दुर्गाबाईंचा जबाब घरी येऊन घेतला, आणि जाताना टोपी काढून फोटोला नमस्कार केला. वैद्याचा फोन बंद होता. त्याची भिंतीवरची जाहिरात मी पुढच्या खेपेला वाशिमला गेले तेव्हा स्वतः वाचली. रंग नवा होता.

कादंबरीवर गुन्हा लागला नाही. माझ्या खोलीचं कुलूप निघालं. ती बरण्या न्यायला आली तेव्हा म्हणाली, "मावशी, त्यांनी विचारलं होतं. थोडी असते, एवढं म्हणायला हवं होतं." मी तिला जेवायला वाढलं. ती हिंजवडीला परत नोकरीला लागली. मधूनमधून येते, जेवते, पेयांबद्दल बोलत नाही. आमोद अजून रसात बर्फ घालतो आणि वासंतीताई अजून बिनबर्फाचा मागतात.

बद्रीनाथ अठरा मे दोन हजार पंचवीस या दिवशी, रविवारी संध्याकाळी वारला. दुर्गाबाई त्याच वर्षी कार्तिकात, तुळशीच्या लग्नानंतर दुसऱ्या दिवशी पहाटे झोपेत गेल्या. राजनंदिनी त्यांच्यासाठी चहा घेऊन उठवायला गेली होती.